वहिनीचा घरचा चष्मा

माझ्या वहिनीच्या नाकावर चष्मा ठरत नाही. लोकांकडे नाकापेक्षा मोती जड असतो, आमच्याकडे चष्मा. दर दोन वाक्यांनंतर तिचं उजव्या हाताचं बोट वर जातं, चष्म्याचा मधला दांडा मागे ढकलतं आणि मग तिसरं वाक्य येतं. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, माझ्याशी भांडताना, सगळीकडे हेच. मी तिला कितीदा सांगितलं, की बाई गं, चष्म्याच्या दुकानात जा, काड्या आवळून घे, चहा निवायच्या आत होणारं काम आहे. "बघू" म्हणते. ही बाई मिलिग्रॅमचे तुकडे करून मोजते, पण स्वतःच्या चष्म्याच्या दोन स्क्रूंसाठी हिला सवड नाही. आता तुम्ही म्हणाल, वहिनीबद्दल सांगायला बसलीस आणि सुरुवात नावं ठेवण्यापासून. तर मी तिची नणंद आहे. नणंदेनं कौतुकानं सुरुवात केली तर ऐकणाऱ्याला संशय येतो.

आमचं घर तेव्हा तीन माणसांचं. खाली माझं लाँड्रीचं दुकान आणि वर आम्ही: मी, वहिनी आणि माझे वडील, आप्पा. माझा दादा बोटीवर इंजिनात काम करतो, वर्षातले बरेचसे महिने पाण्यात आणि उरलेले घरी येऊन झोपेत. त्यामुळे घर आम्ही दोघी चालवायचो आणि आम्हा दोघींना आप्पा. आयुष्यभर त्यांनी बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावल्या होत्या, निवृत्त झाल्यावर सगळा जीव पत्त्यांत घातला. रमी खेळायचे, आणि जोडीदार मिळाला नाही की एकटेच पत्ते लावायचे. त्यातही फसवायचे. एकट्यानं खेळताना माणूस फसवतो कुणाला, असं मी विचारलं की म्हणायचे, "नशिबाला. ते काय कमी फसवतं?"

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू सैल पडली, बोलणं सावकाश झालं, एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा. डोकं मात्र जिथल्या तिथे. वर त्यांना फिट्स यायला लागल्या आणि डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी सुरू केली, सकाळ-संध्याकाळ, कधीच न चुकवायची. गोळी आप्पांना गिळता येईना. मग वहिनी ती कुटायची. बशीत एक चमचा, त्यात गोळी, वर दुसरा चमचा ठेवून दाबायची, अगदी खाली वाकून, चष्मा सावरत, की कण वाया जाऊ नये. ती भुकटी दुधात कालवून चमच्या-चमच्याने पाजायची. मी एकदा पाजायला गेले तर आप्पांनी तोंड फिरवलं. म्हणाले, तू कपड्याला कांजी घातल्यासारखं पाजतेस.

वहिनी तोवर एका रंगाच्या कारखान्यात होती. तिथल्या तपासणी खोलीत ती रंगाचा प्रत्येक घाणा तपासायची, कालचा पांढरा आणि आजचा पांढरा एकच आहे का ते बघायची. सगळी उमेदीची वर्षं तिथे गेली. तपासायची ही, आणि अहवालाखाली सही साहेबाची. मला त्याचा राग यायचा, आप्पांना त्याहून जास्त. ती म्हणायची, जाऊ द्या हो, रंग तर माझ्यामुळेच सारखा येतो ना. मग कारखानाच बंद पडला आणि बेचाळिशीतली ही बाई घरी बसून बरण्या घासायला लागली. स्वच्छ बरण्यासुद्धा घासायची. तेव्हाच मला कळलं, की हिला काहीतरी काम लागणार, नाहीतर ही आम्हाला पण घासून काढेल.

त्याच सुमारास जाहिरात आली. न्यायसहायक प्रयोगशाळेला, म्हणजे जिथे पोलिसांकडून सीलबंद डबे आणि बाटल्या तपासायला येतात तिथे, प्रशिक्षणार्थी हवे होते. वर्षभर शिकायचं, शेवटी परीक्षा. पास झालात तर विश्लेषक, स्वतःच्या अहवालावर स्वतःची सही, आणि ती सही कोर्टात चालते. नापास झालात तर रामराम. वयाची अट होती, आणि वहिनी त्या अटीच्या अगदी काठावर होती. तिला दुसरी संधी मिळणारच नव्हती.

मी म्हटलं, या वयात कशाला, आगीतून उठून फुफाट्यात. मेलेल्या माणसांच्या पोटातलं तपासायचं म्हणजे. वहिनी आप्पांकडे बघत होती. आप्पा बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "जा, पोरी. मला तुझी सही बघायचीय."

झालं. वहिनीला तेवढं पुरलं.

रसायनाचं तिला काही अवघड गेलं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला काय शिकवायचं? तिथे एक यंत्र आहे, त्याचं तिला फार कौतुक. त्यात थेंबभर द्रव सोडला की आतल्या लांबलचक बारीक नळीतून तो तापत तापत जातो आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला वेगळी होऊन बाहेर पडते. जी बाहेर पडेल तिचा कागदावर सुळका उमटतो. कोणत्या वेळेला सुळका आला त्यावरून ते काय आहे ते कळतं, आणि सुळका केवढा त्यावरून किती आहे ते. आप्पांना हे फार आवडलं. म्हणाले, हा तर माझा डेपो. सगळ्या गाड्या एकत्र शिरतात आणि ज्याच्या त्याच्या वेळेला सुटतात.

तिथला एक नियमही तिने आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावला. खरा नमुना लावण्याआधी एक कोरा नमुना लावायचा. त्याला ते ब्लँक म्हणतात. त्यात काहीच नसतं, तेव्हा सुळका यायला नको. आला, तर समजायचं की भांडं घाण आहे, किंवा हात घाण आहेत, किंवा आदल्या नमुन्याचं काही मागे राहिलंय. मी म्हटलं, यात नवीन ते काय, मी पण धुण्याच्या मशिनमध्ये रंगीत कपडे काढल्यावर पांढरे टाकायच्या आधी एक जुनं फडकं फिरवून बघते. वहिनी खूश झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने वर्गात माझं नाव सांगितलं म्हणे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रडवलं तिला संख्याशास्त्राने. पालथ्या घड्यावर पाणी. शिकवणाऱ्या बाई होत्या त्यांना सगळे मागून दशांशबाई म्हणायचे. उंच, कोरड्या, पांढऱ्या कोटाला इस्त्री अशी की मला व्यवसाय म्हणून आदर वाटावा. तुमच्या काट्याला जेवढं कळतं तेवढंच लिहा, असा त्यांचा हेका. कुणी गणकयंत्रावर आलेले दशांश चिन्हापुढचे सगळे आकडे उतरवले, की बाई लाल पेनाने कापायच्या आणि शेजारी लिहायच्या, "हे तुम्हाला कुठे दिसलं?" वहिनीच्या वह्या पहिले काही महिने लालच होत्या.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, आणि तो थोडा वेगळेपणा किती हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही, हे तिला पटेना. रंगाच्या कारखान्यात एकदाच मोजायचं आणि पुढे जायचं अशी सवय. मग एका रविवारी ती दुकानात खाली आली आणि माझ्या वजनकाट्यावर चादरींचं एकच गाठोडं ठेवत सुटली. ठेव, बघ, काढ, पुन्हा ठेव. आकडा दर वेळी जरासा हलायचा. कधी दारातून वारा यायचा, कधी गाठोडं एका बाजूला कलायचं. इकडे गिऱ्हाईक उभं, आणि ही बाई त्याच्यादेखत मोठ्यांदा म्हणते, "अगं, तुझा काटा दर वेळी वेगळं सांगतो." मी तिला जिन्यापर्यंत हाकलत नेलं. ते गिऱ्हाईक आजही पैसे देताना काट्याकडे निरखून बघतं. पण त्या रविवारनंतर वहिनीच्या वह्यांतला लाल रंग कमी झाला, एवढं मान्य करायला हवं.

सगळ्यात अवघड गोष्ट तिला आप्पांनी शिकवली. शिकवली म्हणण्यापेक्षा, आप्पांशी भांडताना ती तिला समजली. झालं असं. दुपारी बिस्किटांचा डबा रिकामा सापडला आणि आप्पांच्या शर्टावर भुगा होता. साखर त्यांना बंद. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्हीच खाल्लीत. आप्पा म्हणाले नाही. मी म्हटलं, मग भुगा कसा आला? तेव्हा वहिनी अभ्यासाचं पुस्तक छातीशी धरून मध्ये पडली. म्हणाली, थांब, आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. आप्पांनी खाल्लं असेल तर भुगा पडणारच, हे खरं. पण खाल्लं नसेल तरी भुगा असण्याची शक्यता किती, ते बघायला हवं. आणि तिने आधी माझा शर्ट झटकला, मग स्वतःचा. दोन्हींतून भुगा पडला. आमच्या घरात सकाळचा चहा बिस्किटाशिवाय होत नाही आणि माझी इस्त्री सोडली तर कुणालाच नीटनेटकेपणा जमत नाही. घरोघरी मातीच्या चुली, म्हणतात ना, तसं आमच्याकडे अंगोअंगी भुगा. वहिनी म्हणाली, ज्या घरात सगळ्यांच्याच अंगावर भुगा असतो तिथे भुग्यावरून चोर ठरत नाही. असं ठरवायला गेलं तर चोर सोडून संन्याशाला सुळी.

आप्पांचं तोंड डाव्या बाजूने हसलं. "म्हणजे मी सुटलो?"

वहिनी म्हणाली, सुटलात, पण फक्त पुराव्याअभावी. बिस्किटं त्यांनीच खाल्ली होती. रात्री त्यांनी मला कानात सांगितलं आणि वर बजावलं, की कोर्टाला कळवू नकोस.

वर्ष सरलं आणि परीक्षा आली. लेखी झाली, ती बरी गेली. मग प्रत्यक्षाचे दोन दिवस. प्रत्येकाला पाच सीलबंद कुप्या. आत रक्तासारखा द्रव, त्यात कुठल्या कुपीत काय आहे आणि किती आहे ते शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेखी अहवाल द्यायचा. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग दशांशबाईंच्या कपाटात बंद. तो एकदा मागता यायचा, पण का हवा ते कारण लिहून द्यावं लागायचं. अहवाल दिला की प्रशिक्षण संपलं, घरी बसायचं, निकाल टपालाने. आणि नमुन्याला बाहेरचं काही लागू देणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. आदल्या वर्षी एकाला त्यावरूनच घरी पाठवलं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वहिनी आली ती हसत. चारही कुप्या सरळ गेल्या, म्हणाली. पाचवी बेरकी होती. झाकण घट्ट बसलेलं, उघडायलाच घाम निघाला, आणि आतलं औषध अगदी कमी, सुळका एवढासाच, दुसऱ्या कुणाच्या नजरेतून सुटला असता. आप्पांनी विचारलं, काय होतं? तिने त्यांच्या उशाशी बसून, बशीत गोळी ठेवत सांगितलं. आप्पांची गोळी ज्या औषधाची, तेच. जास्त झालं तर माणूस झोपेतच जातो, म्हणून तिथे अशा प्रकरणांत ते नेहमी शोधतात. "तुमचंच औषध निघालं बघा, आप्पा," ती म्हणाली आणि चमचा दाबला.

आप्पा तिच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी एकच शब्द काढला.

"भुगा."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, कुठे भुगा, आज बिस्किटं आणलीच नाहीत. पण वहिनीचा हात जागच्या जागी थांबला होता. तिच्या बोटांवर गोळीची पांढरी भुकटी होती, बशीच्या काठावर होती, पांघरुणावर होती. ती भुकटीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरला.

तिने आधी आप्पांना दूध पाजलं, सगळं, शेवटच्या चमच्यापर्यंत. मग स्वयंपाकघरात येऊन बसली आणि मला समजावून सांगायला लागली, पण खरं तर स्वतःलाच सांगत होती. कुपीत औषध असेल तर सुळका येणारच. पण कुपीत नसेल तरी सुळका दिसण्याची शक्यता किती? वर्गातल्या बाकीच्यांसाठी जवळजवळ नाहीच, त्यांच्या घरी हे औषध कशाला असेल? पण जी बाई हेच औषध घरी दोन वेळा कुटते आणि मग कामाला जाते, तिच्यासाठी? आम्ही भुग्याच्या घरातली माणसं होतो.

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला विचारलं, ब्लँक कोरा होता ना? हो, म्हणाली, सकाळी लावला तो कोरा होता. मग झालं तर, मी म्हटलं, नियम पाळलास, सापडलं ते लिही आणि मोकळी हो. कपाटातला भाग मागितलास तर कारण लिहून द्यावं लागेल, आणि ते कारण म्हणजे तूच तुझ्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब. वर्षभराची मेहनत, आप्पांची एवढी आशा, सगळं पाण्यात. पुन्हा बसायची सोय नाही. मी बरंच बोलले. काही काही तर आवाज चढवून बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. एरवी मला नावाने हाक मारते, चिडली किंवा फार मनापासून बोलायचं असलं की वन्सं म्हणते.

"वन्सं," ती म्हणाली, "आज परीक्षा आहे. उद्या त्या कुपीत खरंच कुणाचं तरी रक्त असेल, आणि कुणीतरी घरचा माणूस त्यापायी आत जाईल. आणि खाली सही माझी असेल."

मी तिचा प्रयोगशाळेतला कोट उचलला आणि धुवायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी मी कुटली. वहिनीने आप्पांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही, दारातूनच त्यांना हात केला. मी पहिल्याच दाबाला निम्मी गोळी हवेत उडवली आणि दुसरी घ्यावी लागली. माझ्या केसांत, भुवयांत भुकटी. आप्पा म्हणाले, आज परीक्षा तुझी असती तर पाचही कुप्यांत सापडलं असतं. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून दूध प्यायलं, तोंड न फिरवता.

पुढचं मला वहिनीने नंतर सांगितलं, इतक्यांदा की मी तिथे असल्यासारखं मला दिसतं. ती सरळ दशांशबाईंच्या टेबलापाशी गेली आणि कागदावर लिहून दिलं: माझ्या घरी हे औषध रोज कुटलं जातं; ते माझ्याबरोबर नमुन्यापर्यंत आलं असावं अशी मला शंका आहे; ते तपासायची आणि राखून ठेवलेला भाग वापरायची परवानगी मिळावी. बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पेनाचं टोपण घातलं, काढलं. आणि कापसाचे बोळे लावलेल्या काड्यांचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तपासा, म्हणाल्या.

मग वहिनीने स्वतःलाच नमुना केलं. ओल्या बोळ्याने हात पुसले, तो बोळा यंत्राला लावला. काही नाही. काल घातलेलं घड्याळ पिशवीत होतं, त्याचा पट्टा पुसला. काही नाही. पिशवीचे बंद, बुटांचे बंद, कोटाच्या बाह्या. सगळं कोरं. दुपार झाली. बाकीचे अहवाल लिहायला बसले. वहिनीला वाटायला लागलं की मूर्खपणा झाला, औषध खरंच कुपीत होतं आणि मी उगाच साप साप म्हणून भुई धोपटत बसले. ऐकणाऱ्याला एव्हाना कळलंच असेल, पण काखेत कळसा असला की माणूस गावालाच वळसा घालतो. ती कागदावर वाकली, चष्मा घसरला, बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं. चष्म्याच्या मधल्या दांड्यावर.

घरी गोळी कुटतानाही ती खाली वाकायची, तेव्हाही तो घसरायचा, आणि तेच बोट त्याला वर ढकलायचं. हात रोज धुतले जायचे. चष्म्याचे दांडे कुणी धुतं का? आणि काल ते घट्ट झाकण उघडताना घाम आला होता, तेव्हा हातमोजा घातलेल्या बोटाने तिने चष्मा सावरला होता आणि त्याच बोटाने झाकण आतून धरलं होतं.

चष्मा पुसलेला बोळा यंत्राला लावला तेव्हा सुळका कागदाच्या वर निघून गेला.

त्यानंतर बाईंनी कपाट उघडलं. वहिनीने चष्मा धुतला, पुन्हा पुसून तपासला, तो कोरा आला तेव्हा कुठे डोळ्यांवर चढवला, आणि बाईंनी पाकिटांना लावायचं रबरबँड देऊन तो तिच्या डोक्यामागे बांधायला लावला. अशा अवतारात तिने राखीव भाग तपासला. पाचव्या कुपीत काहीही नव्हतं. तिने अहवालात दोन्ही वेळचं लिहिलं, चष्म्याचंही लिहिलं, आणि शेवटी: काही आढळले नाही. कागद दिला. बाईंनी वर न बघता तो घेतला आणि म्हणाल्या, "उद्यापासून इथला चष्मा इथेच ठेवून जायचा. घरचा वेगळा करून घ्या."

वहिनी घरी आली ती पाय ओढत. पिशवी ठेवली आणि आप्पांना म्हणाली, संपलं आप्पा, नाही होणार सही. मी स्वतःच लिहून दिलं. बाई शेवटी बोलल्या त्यासुद्धा टोचूनच. आणि बाईंचं ते वाक्य तिने जसंच्या तसं सांगितलं. माझ्या तोंडात बाईंसाठी एक शिवी आली होती. आप्पांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"उद्यापासून?" त्यांनी विचारलं.

हो, ती म्हणाली.

"उद्या तर सगळ्यांना सुट्टी." आप्पा शब्द शोधत होते, आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "मग तुला उद्या कशाला बोलावलंय?"

वहिनी खाली जमिनीवरच बसली. गाड्यांच्या वेळा लावण्यात हयात गेलेला माणूस, त्याला कुणाची गाडी कधी सुटणार ते बरोबर कळतं. वहिनीने त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि रडली, आणि मीही रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा चष्मा करायला टाकूनच कामावर गेली. पाचवी कुपी दर वर्षी कोरीच असते, हे तिला पुढे बाईंनी सांगितलं. परीक्षा म्हटल्यावर माणसाला काहीच नाही असं लिहिता येत नाही, काही ना काही तो शोधतोच. त्या वर्षी आणखी दोघांनी त्या कुपीत काहीतरी शोधून काढलं होतं. त्यांच्याकडे तर चष्म्याचीही सबब नव्हती.

मग सही. अहवाल काही घरी आणता येत नाहीत, आणि आप्पा तर हटूनच बसले. शेवटी वहिनीने त्यांच्या पत्त्यांतला जोकर घेतला, त्यावर ठसठशीत सही केली, खाली हुद्दा लिहिला. आप्पांनी तो पत्ता डाव्या हातात धरून खूप वेळ पाहिला. पुढे त्यांनी त्याचं काय केलं? सहीची शाई मागून जराशी उमटली होती, त्यामुळे जोकर कुणाच्या हातात आहे ते त्यांना लांबून दिसायचं. रमीत त्यांनी आम्हाला दोघींना मरेपर्यंत लुटलं.

वहिनीचे आता दोन चष्मे होते. नवा प्रयोगशाळेत राहायचा. जुना घरचा, आप्पांच्या उशाशी, बशी आणि दोन चमच्यांजवळ. गोळी मी कुटते, असं मी तिला म्हणून पाहिलं. नाही म्हणाली, तेवढा वेळ आमचा दोघांचा असतो. घरी आली की जुना चष्मा चढवायची, गोळी कुटायची, तो घसरायचा, ती सावरायची.

आप्पा गेले ते एका थंडीत, पहाटे, झोपेत. दिवस झाले, माणसं येऊन गेली, दादाही आला आणि परत गेला. मग मी खोली आवरायला घेतली. दुःख झालं की मी धुते, दुसरं मला काही येत नाही. पांघरुणं धुतली, पडदे धुतले, बशी आणि चमचे धुतले. जुना चष्मा उचलला, त्याच्या काड्यांच्या खाचेत पांढरं काहीतरी बसलेलं दिसलं, आणि मी नळ सोडला.

"वन्सं, तो नको धुऊस," वहिनी दारातून म्हणाली.

मी नळ बंद केला. ती आत आली, माझ्या हातातून चष्मा घेतला, मऊ कापडात गुंडाळला आणि आप्पांच्या कपाटात पत्त्यांच्या डब्याशेजारी ठेवला. माझं सगळं आयुष्य लोकांचे डाग काढण्यात गेलंय. त्या घरात न धुतलेली तेवढी एकच वस्तू आहे आणि तिला मी कधी हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी कामावरून आली ती नवा चष्मा घालूनच आली. आता तो तिथे ठेवून यायचं काही कारण उरलं नव्हतं.